वरची तार, खालची तार

जमिनीत गेलेली तार माझा दीर महिपती यानेच कापली. उंदराने कुरतडली नाही, मांजराने तोडली नाही. त्याने कापली, हात धुतले, चहा प्याला आणि जकात नाक्यावर कारकुनी करायला गेला. हे आधी लिहून ठेवते, मग बाकीचं. वकील म्हणाला, "बाई, मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते." मी म्हटलं, "मग तुमचं तुम्ही करा तसं. हे माझं हाय." तो पिशवी उचलून गेला. म्हणून मीच लिहिते. शाळा माझी तिसरीपर्यंत. सासऱ्यांचं जुनं मृत्युपत्र उशाशी ठेवलंय, अवघड शब्द त्यातून उतरवून घेते.

तर मी, मथुराबाई, कैलासवासी रावजी सुरवसे यांची बायको, वय पन्नाशीच्या पुढं, धंदा घरकाम व रेडिओ दुरुस्तीचं दुकान, राहणार भवानी पेठ, सोलापूर, असे लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. मोडलाय तो उजवा खुबा. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी फूस लावलेली नाही, आणि कसलीही नशा केलेली नाही, हाडवैद्याने पाजलेला काढा सोडून. त्या हाडवैद्याने अंडं फासून कामट्या बांधल्या आणि हाड वाकडं बसवलं. आता मोठ्या दवाखान्यात आत सळई घालणार म्हणतात. म्हणजे वाचले तर मीच एरियल होणार, आणि नाही वाचले तर हा कागद. मागं वाद होऊ नयेत म्हणून लिहितात असं सासऱ्यांच्या कागदात आहे. मागं वाद होणारच. निदान कशावरून ते तरी कळावं.

मिळकतीचं वर्णन. सासऱ्यांनी घर दोघा भावांत उभं वाटून दिलं. मागची बाजू महिपतीची. पुढची रावजींची, म्हणजे रस्त्याकडचं दुकान, त्याच्यामागची खोली, आणि वरचं माळवद. ती रावजींनी जिवंतपणीच शिक्क्यानिशी माझ्या नावावर केली. चतुःसीमा अशी: पूर्वेस सुंदरम्मा चिप्पा हिचे चादरीचे माग, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस महिपती, उत्तरेस रस्ता व गल्लीचा नळ. खाली जमीन, वर आभाळ. आभाळ कोणाच्या वाट्याला ते सासऱ्यांच्या कागदात नाही. सरकार म्हणतं आमचं. दुष्काळाच्या साली मात्र कोणी म्हणालं नाही. लाईटचा मीटर दोन्ही घरांत मिळून एकच आहे, ही सासऱ्यांची चूक, आणि ती मी भोगतेय.

या घरात बोलका खोका आहे. त्याचीच खरी वाटणी करायची आहे, म्हणून तो कसा आला ते सांगते. दुपारच्या वेळी रेडिओवर काही नीट लागत नाही, मग दुरुस्त केलेला सेट तपासायचा कसा? म्हणून रावजींनी एक खोका बनवला. तो स्वतःच हवेत गूं असा आवाज सोडायचा आणि दुकानातला रेडिओ तो धरायचा. दुकानातले भागीदार हुसेनसाब तांबोळी यांनी त्याला माईक जोडला, माळवदावर दोन बांबूंमध्ये तार ताणली, आणि माईक आणून माझ्या चुलीपाशी ठेवला. म्हणाले, "भाभी, कुछ तो बोलो." मला काय बोलायचं? रोज बोलते तेच बोलले, "अवो, भाकरी गार व्हाय लागलीया. येताय का गिळायला, का कुत्र्याला घालू?"

ज्यांच्या रेडिओचा काटा त्या जागी होता त्या सगळ्यांनी ऐकलं. सुंदरम्माचा नवरा माग बंद करून जेवायला उठला. गल्लीतला एकही पुरुष त्या दिवशी जेवायला उशिरा आला नाही.

दुसऱ्या दिवशी बायका दारात. "मथुरक्का, नळाला पाणी कवा येणार तेवढं सांगत जा की." पुण्याचा रेडिओ पुण्याचं सांगतो, सांगलीचा सांगलीचं. आमच्या नळाचं कोण सांगणार? पाणी सोडणारा धुळाप्पा सकाळी सायकलवरून जाताना मला हाक मारायचा, मी माईकवर सांगायची. मग रॉकेल कधी आलं, रेशनला गहू आहे का लाल मिलो ज्वारी, कोणाचं पोर कुठं खेळतंय, कोण वारलं. आवाज बोळाच्या तोंडापासून पिंपळापर्यंत जातो. पुढं नुसती खरखर. जाणूनबुजून तेवढाच ठेवलाय. पिंपळाच्या पलीकडच्यांनी त्यांचं त्यांनी बघावं. रावजी गेल्यापासून मी एकटीच बोलते, आणि माझ्या बोलण्याने कोणाचं वाईट झालेलं नाही, एका चड्डीचा अपवाद.

ती चड्डी. वरच्या तारेला दोन्ही टोकांना चिनी मातीचे लोटके असतात, कारण तार कशालाच टेकता कामा नये. ओलं कापड पडलं की आवाज बसतो. एका सकाळी नळाची वेळ सांगतेय, तर समोर ठेवलेल्या रेडिओतून माझाच आवाज दमेकऱ्यासारखा. वर जाऊन बघते तर भाऊजींची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी तारेवर वाळतेय. मी खाली येऊन माईकवरच म्हटलं, "महिपती भाऊजी, तुमची चड्डी तारंवरनं काढा, गल्लीचं पाणी चुकतंया." आवाज बसला होता, तरी जवळच्या घरांत गेला. जवळची घरं पुरतात.

भाऊजी तावातावाने आले. "वैनी, माझी अब्रू घालवली की तुमी!"

मी म्हटलं, "अब्रू तुमीच वाळत घातली हुती. म्या नुसती काढा म्हटलं."

तेव्हापासून बोलणं बंद. मग कुठल्यातरी कचेरीत निनावी अर्ज गेला, इंग्रजीत, टाईप केलेला. आमच्या गल्लीत इंग्रजीत टाईप करून घेण्याएवढा राग एकाच माणसाला येतो. भवानी पेठेत गुप्त केंद्र असून परकीयांना बातम्या जातात, असं त्यात होतं. परकीय म्हणजे पिंपळाच्या पलीकडचे असतील तर माहीत नाही.

एक साहेब आले, कानाला भोंगा लावून. म्हणाले, "बाई, लायसन?" मी पोस्टाचं पुस्तक दाखवलं, दर वर्षीचं तिकीट चिकटवलेलं. "हे ऐकायचं झालं," म्हणाले, "बोलायचं कुठाय?"

"बोलायलाबी लायसन लागतं?"

"लागतं. दिल्लीहून येतं. परीक्षा असते. तारऑफिसातली टिकटिक यावी लागते."

"सायेब, हितं मला टिकटिक येऊन काय उपेग? बायकास्नी कळाया नगं?"

तेवढ्यात सुंदरम्मा दारात ओरडली, रॉकेलची गाडी आली. मी साहेबांसमोरच माईक धरला आणि सांगितलं. साहेबांनी कानाचा भोंगा काढला. "कुठल्या दुकानात?" म्हणाले. आमचाच डबा मागून घेतला, रांगेत उभे राहिले, भरलेला डबा सायकलला अडकवला, आणि जाताना "हे बंद करा हं" असं हळूच म्हणाले. डबा अजून आलेला नाही. तो माझ्या मिळकतीत धरावा, आणि ज्याला मिळेल त्याने घ्यावा.

पण साहेब बोलले ते खोटं नव्हतं. उद्या सगळेच हवेत बोलायला लागले तर विमानाला आणि पोलिसाला कामाचं काही ऐकू यायचं नाही. म्हणून पुढं माझे नियम लिहिलेत. सरकार देणार नाही तोवर ते पाळायचे.

आता खालची तार. खोक्याच्या पत्र्यापासून निघून ती भिंतीवरून बोळातल्या खड्ड्यात जाते. खड्ड्यात तांब्याची पाटी, भोवती कोळसा आणि मीठ, वर रोज तांब्याभर पाणी, कारण कोरडी जमीन काही घेत नाही. मी रोज पाणी घालते हे बघून बायका हळदकुंकू वाहायला लागल्या. गल्लीतल्या मायाक्काने तर सुनेला दिवस राहावेत म्हणून नारळ फोडला. राहिले. मी कोणाला अडवलं नाही. देवाची जागा झाली की म्युनसिपालिटीसुद्धा उकरत नाही. पुढं पाणी घालायचं काम वच्छलाने घेतलं. वच्छला म्हणजे महिपतीची बायको, माझी जाऊ. सातवी पास आहे, माझ्याहून शिकलेली, पण नवऱ्यासमोर तिचं बोलणं "व्हय" आणि "न्हाय", त्यातही न्हाय कधी ऐकलं नाही.

उन्हाळ्यात लाईटचं बिल वाढलं. महिपतीने घरात पंखा आणला होता, पण तो त्याला दिसला नाही. त्याला तार दिसली. बोळात उभा राहून चार माणसांना समजावत होता, "आरं, ही तार सरळ जमिनीत गेलीया. समदी लाईट तितं मुरतीया. नळ उघडा ठिवल्यावानी!" माणसं माना डोलवत होती. नळ उघडा राहिला की काय होतं हे आमच्या पेठेत सगळ्यांना कळतं, म्हणून त्यांना पटलं. मी रेशनला गेले तेव्हा त्याने तार कापली, हळदकुंकवासकट खड्डा उकरला, आणि पाटी मोडीत घातली. देवीचं काय म्हणून मायाक्काने विचारलं तर म्हणाला, "देवीला लाईट कशाला पायजे?"

मी परत आले, खोका चालू केला, लोखंडी माईक हातात धरला आणि "रेशनला आज" एवढंच म्हणाले. पुढं काय म्हणाले ते गल्लीने ऐकलंय, इथं लिहिण्यासारखं नाही. हात सुटेना. हुसेनसाब नंतर म्हणाले, "भाभी, खोक्यातली लाईट थोडी पत्र्यात गळत होती. ते गळणं जमीन पीत होती. तार कापल्यावर तुमच्या वाट्याला आलं." म्हणजे महिपती अगदीच चुकला नव्हता. लाईट जमिनीत जात होती. ती तिकडं जात होती म्हणून मी जिवंत होते, एवढंच त्याला कळलं नाही.

भिंतीपलीकडून वच्छला लाटणं घेऊन धावत आली. मला वाटलं, जुना राग काढते. तिने लाटण्याने माझ्या हातावर मारलं, माईक सुटला, मी स्टुलावरून खाली. खुबा तेव्हा गेला. माईक जमिनीवर पडून चालूच होता. त्याला हात न लावता ती त्याच्यावर वाकली आणि ओरडली, "या की कुनीतरी! आक्का पडल्या! कुनीबी या, पर बटन बंद केल्याबिगर हात लावू नगासा!"

सगळी गल्ली आली. मी बोलले की लोक पळतात. ती बोलली आणि लोक धावून आले. दुसऱ्या दिवशी नळावर एकच चर्चा, "काल कोन बोललं गं? कसा खणखणीत आवाज!" बारा-पंधरा वर्षं एका भिंतीआड राहून मलाही माहीत नव्हता.

महिपतीने घरात जाहीर केलं, "आमच्या घरची बाई गल्लीला वरडून दाखवणार न्हाय." त्या दिवसापासून ती पुढच्या बाजूला आलेली नाही. भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज येतो, तिचा नाही.

सबब, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था येणेप्रमाणे.

एक. माझी मुलगी विजयमाला, दिली जेऊरला. गेल्या महिन्यात संपामुळे रेल्वे बंद होत्या म्हणून मला बघायला येऊ शकली नाही, नाहीतर तिचा नवरा कारण शोधत बसला असता. तिला माझी बोरमाळ, पोस्टातली शिल्लक, आणि मोठा रेडिओ. घरावर हक्क मागणार नाही असं तिने स्वतः सांगितलंय, तसा कागदही दिलाय. गुणाची आहे. तोंड माझ्यावर गेलं नाही, ते बरं का वाईट ते ठरवता आलं नाही.

दोन. दुकानातलं सगळं सामान, कथलाचा डाग द्यायची इस्त्री, सेट तपासायचा मीटर, सुट्टे भाग, हुसेनसाब तांबोळी यांना. ते जिवंत असेतोवर दुकानात बसतील, त्यांना कोणी ऊठ म्हणणार नाही. त्यांनी खोक्यातला गळका भाग बदललाय आणि खड्ड्यासाठी नवी पाटी आणून ठेवलीय. ती अजून पुरलेली नाही, कारण ती पुरायचं काम दुसऱ्या माणसाचं आहे. कलम सहा बघावं.

तीन. रेशनच्या तांदळातून निवडलेले खडे मी डब्यात साठवून ठेवलेत. ते रेशन दुकानदाराला. वजन करून द्यावेत, त्याच्याच काट्यावर, म्हणजे जास्त भरतील.

चार. हाडवैद्याला काही नाही. कामट्या परत.

पाच. दुकानामागची खोली, माळवद, वरची तार, खालची तार, खोका आणि माईक हे सर्व माझी जाऊ वच्छला हिला, तिच्या एकटीच्या नावाने. महिपतीचा त्यावर हक्क नाही, सल्ला देण्याचाही नाही. वच्छलाने पाळायचे नियम असे. नळाची वेळ आधी, रॉकेल नंतर, बाकी सगळं त्यामागून. सरकारी केंद्राच्या जागेवर काटा नेऊ नये. आवाज पिंपळापुढं जाऊ देऊ नये. कोणी कितीही गोड बोललं तरी लांबची तार ताणू नये. कोणाच्या पोरीच्या सोयरिकीचं बोलू नये. निवडणुकीत कोणाचं नाव घेऊ नये, उमेदवार सायकल देतो म्हणाला तरी. आभाळ गडगडलं की वरच्या तारेची कळ खालच्या तारेला जोडून द्यावी आणि गप्प बसावं. आता मृग लागलाय, विजा सुरू होतील. वरच्या तारेचा उंच बांबू महिपतीच्या झोपायच्या खोलीला लागून आहे आणि खालची तार त्याने कापलीय, हे त्याने आज आडवं पडल्यावर आठवावं. तारेवर कपडे घालू नयेत. घातलेच तर कोणाचे ते सांगायची परवानगी आहे. खड्ड्याला रोज पाणी. हळदकुंकू वाहणाऱ्या बायकांना अडवू नये, नारळाचा अर्धा वाटा मागून घ्यावा. आणि कोणी साहेब आलाच तर खरं सांगावं, भांडू नये, डबा देऊ नये.

सहा. महिपतीला. भाऊजी, तुम्हाला कुदळ ठेवलीय. येत्या सोमवारी स्वतःच्या हाताने तोच खड्डा तेवढाच खोल खणायचा, पाटी उभी ठेवायची, कोळसा-मीठ घालायचं, तार हुसेनसाब सांगतील तशी जोडायची. मजूर लावायचा नाही. बघायला गल्ली असेल. चड्डी कोणतीही चालेल. आणि वच्छला पुढच्या बाजूला येऊन बोलेल तेव्हा तुम्ही मागच्या बाजूला बसून ऐकायचं.

हे झालं नाही, किंवा वच्छलाने नको म्हटलं, तर कलम पाच रद्द. मग दुकानामागची खोली व माळवद सुंदरम्मा चिप्पा हिला. तिला आणखी पॉवरलूम टाकायला जागा हवीच आहे. माग तुमच्या झोपायच्या भिंतीला लागून बसतील, खटाक खटाक, दोन्ही पाळ्या. त्याला बोलायचं लायसन लागत नाही. सुंदरम्माने आत्ताच माप घेऊन नेलंय.

सात. मी गेले तर माईकवर एकदाच सांगावं, नळाच्या आणि रॉकेलच्या नंतर. मथुराबाई वारल्या, एवढंच. मागं गाणं लावू नये. माईकवर रडू नये, खरखर होते.

याशिवाय याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. हे वाचून मग सही केली, चुका असतील तर त्या माझ्याच, कोणी दुरुस्त करू नयेत. माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर खालच्या दोघांनी सह्या केल्या. दोघांना यातलं काही मिळत नाही, म्हणून त्यांच्यावर विश्वास आहे.

मथुराबाई रावजी सुरवसे
(सही)

साक्षीदार:
१. धुळाप्पा, नळाला पाणी सोडणारा. (डाव्या हाताचा अंगठा)
२. मडिवाळप्पा, इस्त्रीवाले, पिंपळाजवळ. (सही) ती चड्डी त्यांच्याकडेच इस्त्रीला येते, त्यांनी ओळखली आहे.

ठिकाण: भवानी पेठ, सोलापूर
शनिवार, ता. ८ जून १९७४

ता. क. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. मला तेवढा धीर नाही. याची नक्कल आजच मागच्या दाराखालून सरकवायला सांगितलीय. महिपती नाक्यावर असताना सरकवतील, म्हणजे आधी वच्छलाच्या हाती पडेल. तर वच्छे, हे तुला. बुधवारी मला दवाखान्यात नेणार. तो पिंपळाच्या लई पलीकडं आहे, तिथं आपला आवाज पोचत नाही. आणि त्याच्याही पलीकडं जावं लागलं, तर तिथं मुळीच पोचणार नाही. खड्डा झालेला असो वा नसो, तू पुढं ये. खड्डा झाला नसेल तर माईकला हात लावू नकोस, लाकडी पाटावर उभी राहा, हुसेनसाब बटण दाबतील, तू लांबून बोल. तुझा आवाज लांबूनही पुरतो, ते कळलंय. माझ्या उशाशी रेडिओ लावून ठेवलाय, काटा हलवू दिलेला नाही. खोका घेणार का, तेवढं सांग. व्हय म्हणायचं असेल तर व्हय म्हण, न्हाय असेल तर न्हाय म्हण, मी दोन्ही ऐकेन. नवऱ्याच्या हाती निरोप पाठवू नकोस, तो मी घेणार नाही. मंगळवारी, अकरा तारखेला, सकाळी नळ यायच्या आधी, तुझ्या तोंडानं मला उत्तर पाहिजे.